कस्तुराला हवा ओला पाचोळा

नारिंगी डोक्याचा कस्तुर शोधताना बहुतेकांची नजर फांद्यांवर असते. हा मात्र खाली, पाचोळ्यात चरणारा पक्षी. लांबी साधारण 21 सेंटीमीटर, नराची पाठ निळसर राखाडी, डोकं आणि पोट नारिंगी. सह्याद्रीतल्या उपजातीच्या पांढऱ्या गालांवर दोन उभे गडद पट्टे असतात. हिमालयातल्या कस्तुराला ते नसतात.

माथेरान-महाबळेश्वरची गर्द झाडी, बांबूची बेटं, ओहोळाकाठची सावली ही त्याची जागा. दोन-चार उड्या मारायच्या, थबकायचं, चोचीनं पान उचलून बाजूला भिरकवायचं आणि खालचं गांडूळ, गोगलगाय किंवा अळी टिपायची, हा त्याचा क्रम. उजाडताना आणि दिवस कलल्यावर जास्त दिसतो. पाचोळा सातभाईही उलथतात, पण कलकलाट करत, थव्यानं. आवाज नुसता पानांचाच येत असेल आणि पक्षी एखाद-दुसराच असेल, तर तिथे जरा थांबून बघाच.

उन्हाळ्यात वरचा थर वाळतो, गांडुळं खोल जातात. मग कस्तुर पाणवठ्याकडे सरकतो, उंबरासारखी फळं खातो. घाणेरीची फळंही खातो, आणि त्या उपद्रवी झुडपाचं बी रानभर पसरायला हातभार लागतो. पाऊस पडला की गांडुळं वर येतात. आपल्याकडची वीण म्हणूनच मुख्यतः पावसाळ्यात. घरटं फार उंच नसतं. लहान झाडाच्या बेचक्यात गवत-मुळ्यांची वाटी, त्यात बहुधा तीन-चार अंडी. त्यामुळे जून ते सप्टेंबर कुंपणाची छाटणी नकोच.

घाटालगतच्या बागेत कस्तुर यायचा थांबला, तर आधी खराटा थांबवा. रोज झाडून पाला जाळला की माती उघडी पडते, सुकते, किडे नाहीसे होतात. शेतीच्या राबासाठी, म्हणजे पेरणीआधी रोपवाटिकेची जमीन भाजायला, पाला लागतोच, पण ओहोळाकाठचा तेवढा सोडावा. बागेत झाडांखाली चार बोटं जाडीचा मिश्र पाला राहू द्या. उन्हाळ्यात एक दिवसाआड त्यावर पाणी शिंपडा. गोगलगायी मारायचं विषारी आमिष तिथे अजिबात टाकू नका, कारण मेलेली गोगलगाय हाच पक्षी उचलतो. पाण्यासाठी दोन बोटं खोलीची पसरट परात सावलीत, जमिनीवर ठेवावी. मांजर दबा धरेल अशा झुडपाला ती चिकटून नको. पाणी रोज बदला.