आमची वाटचाल : बदलीचा बाजा

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात, मंडया म्हणजे गावोगावच्या जत्रा आणि त्यांतली रात्रभराची नाटकं सुरू होतात, आणि मंडया सुरू झाल्या की आमच्या दुकानाचं शटर रात्री अकराच्या आत खाली येत नाही. आम्ही गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात वाद्यं दुरुस्त करतो आणि भाड्यानं देतो. पाटीवर तेवढंच लिहिलंय. घर चालतं ते मात्र पाटीवर नसलेल्या तिसऱ्याच कामावर. ते सुचलं एका जुन्या सिंथेसायझरमुळे, म्हणजे विजेवरच्या कीबोर्डमुळे, आणि माझ्या हट्टामुळे. हट्टाचे पैसे मीच भरले, म्हणून लपवायचं कारण नाही.

दुकान बाबांचं. ते पेटी दुरुस्त करायचे. तुकडोजी महाराजांची भजनं म्हणणारी मंडळं आमच्याकडे गावोगाव, खंजिरी आणि पेटी ठरलेली. रीडचा, म्हणजे पेटीतल्या पितळी जिभेचा, सूर उतरला की बाबा तिच्या टोकाशी कानस फिरवत, सूर चढे. मुळाशी घासली की उतरे. घासलेलं पितळ परत चिकटवता येत नाही. म्हणून ते आधी ऐकत, मग चहा पीत, मग परत ऐकत. त्या चहाचा हिशेब धरला असता तर दुकान कधीच तोट्यात गेलं असतं.

2004 मध्ये मी नागपूरहून एक वापरलेला सिंथेसायझर आणला. जपानी बनावटीचा, 61 पट्ट्यांचा, बाजूला फ्लॉपी घालायची खाच. पैसे बाबांनी धान विकून दिले, तेही तोंड वाकडं करून. गावात त्याला सगळे कॅसिओच म्हणत. आमच्याकडे कोणत्याही कंपनीचा कीबोर्ड कॅसिओच असतो, हे एकदा मान्य केलं की वाद मिटतो.

नाटक कंपन्यांना तो हवाच होता. झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि तांबडं फुटेपर्यंत चालतं. रंगमंचासमोर ऑर्गन, तबला-ढोलकी, ऑक्टोपॅड म्हणजे काठ्यांनी वाजवायचे विजेचे ड्रम, आणि त्यांच्या जोडीला हा. पाऊस यानंच पाडायचा, रेल्वे यानंच आणायची, खलनायक आला की ढॅण्ण यानंच करायचं. गायकाची पट्टी काळी दोन असो की काळी पाच, एक बटण दाबून स्वर सरकवायचा. दिवाळी ते होळी आमचा हा एकच बाजा शंभराच्या वर रात्री वाजायचा. दुकानाची नवी फरशी त्याच्याच कमाईची आहे.

बाजा शंभर रात्री वाजतो म्हणजे काय, ते तो उघडल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक पट्टीखाली रबराची गादी असते, तिच्यात कार्बनचे दोन ठिपके. बोट पडलं की एक ठिपका आधी टेकतो, दुसरा मग. दोघांमध्ये किती वेळ गेला त्यावरून यंत्र ओळखतं, बोट हळू पडलं की जोरात. आता त्या ठिपक्यांवर धानाच्या बांध्यांतली धूळ आणि राईस मिलचा कोंडा बसवा, वर पहाटेचं दव पाडा. मग एखादी पट्टी मुकी होते, शेजारची एकदम बोंबलते. ही दुरुस्ती स्वस्तातली. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी आणि हलका हात. जोरात पुसलं तर कार्बनच निघून येतो, आणि पोरं जोरातच पुसतात.

2016 च्या पावसाळ्यात पडद्यावर बॅटरी संपत आल्याची सूचना यायला लागली. आत सीआर 2032 सेल असतो, तीन व्होल्टचा, घड्याळवाल्याकडे मिळतो तोच. फक्त इथं तो बोर्डावर डाखलेला. मी डाख सोडवला, सेल काढला, जागी होल्डर बसवला, म्हणजे पुढच्या वेळी डाखायचं काम नाही. स्वतःवर खूश होऊन बाजा सुरू केला तर आतले सगळे बनवलेले आवाज गेलेले. आमच्या ऑर्गन मास्तरांनी चार हंगाम बसून केलेले चौदा आवाज त्या सेलच्या जिवावर जगत होते. आधी फ्लॉपीवर उतरवून घ्यायला वीस मिनिटं लागली असती. मी ती वाचवली.

मास्तर आले, चार बटणं दाबली, माझ्याकडं पाहिलं. "काहून गा, माहे आवाज कुठी गेले?" मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. त्या हंगामात त्यांचा खलनायक कंपनीनं भरून दिलेल्या कुठल्या तरी आवाजावर यायचा. दाराची बेल वाजल्यासारखा.

पुढच्या जानेवारीत दुसऱ्या अंकात बाजा बंदच पडला. वीजपुरवठ्याच्या बोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून एकसारखी करणारे भाग, वाळले होते. महिनाभर स्पीकरमधून गुंऽऽ ऐकू येत होतं, ते मी जनरेटरच्या नावावर ढकलत होतो. ती रात्र मास्तरांनी एकट्या ऑर्गनवर काढली. पहाटे कंपनीच्या मालकानं पैसे कापून दिले. त्याचं बरोबरच होतं.

घरी बायकोनं वही काढली. आमचा हिशेब तीच ठेवते. तीन वर्षांत या एका बाजावर तेवीस हजार गेले होते, माझी मजुरी न धरता. नवा अठ्ठेचाळीसला येत होता. "याले अजून किती दिवस सलाईन लावता जी?" मी तिला जुन्या बाजाचा दणदणीतपणा सांगायला लागलो. ती म्हणाली, दणदणीत आहे तर दुसऱ्या अंकात काहून झोपला?

मी आठ दिवस अडून बसलो. सोडवायचं होतं ते एवढंच. रबराच्या गाद्या, सेल, कपॅसिटर, मागचे जॅक, बटणं, यांतलं काहीही गेलं तर दुरुस्त करावं. माल बाजारात मिळतो, काही नागपूरच्या सीताबर्डीला, नाही तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला. पण आवाज तयार करणारी चिप कंपनीची स्वतःची असते आणि त्या मॉडेलबरोबर तिचं उत्पादनही थांबतं. ती गेली की दुसरा मेलेला बाजा शोधून त्यातली काढायची, एवढाच मार्ग. माझ्या बाजाची चिप ठणठणीत होती. म्हणजे यंत्राकडं पाहिलं तर दुरुस्ती बरोबर. कामाकडं पाहिलं तर चूक. भजन मंडळाचा बाजा दोन दिवस बंद राहिला तर कुणाचं अडत नाही, नाटकाचा दोन मिनिटंही चालत नाही. आणि हे मला, पेटीवाल्याच्या पोराला, बायकोनं वही दाखवल्यावर कळलं.

नवा घेतला. जुन्याचे कपॅसिटर बदलून तो फळीवर ठेवला, विकला नाही. भंगाराच्या भावानं द्यायला जीव होईना, दुसरं कारण नव्हतं.

महिन्याभरात सिंदेवाहीकडच्या एका नाटक पार्टीचा कीबोर्ड पडून फुटला. वाजवणारा पोरगा दुकानात उभा, संध्याकाळी नाटक, रडकुंडीला आलेला. त्याला दुरुस्ती नको होती, नवाही नको होता, त्याला ती रात्र हवी होती. मी फळीवरचा जुना बाजा काढून दिला. म्हटलं, तुझा दुरुस्त होईस्तोवर हा वाजव, भाडं नाही, दुरुस्तीचेच पैसे दे. पंधरा दिवसांत असे चौघं आले. एकाला द्यायला बाजा नव्हता, तर तो दुसरीकडं गेला आणि तिकडचाच झाला.

तेव्हापासून बदलीचा बाजा हे आमचं काम. फुटके, बिघडलेले कीबोर्ड स्वस्तात घ्यायचे, उन्हाळ्यात उघडायचे, हंगामाआधी उभे करायचे. 2020 च्या हिवाळ्यात कोरोनानं नाटकांचं सगळंच बसवलं तेव्हा दुसरं काम नव्हतं. मी एकेक बाजा उघडून सगळ्यांचे सेल बदलले. या वेळी आवाज आधी उतरवून घेतले. आज बदलीचे पाच आहेत. उन्हाळ्यात ते टिनाखाली ठेवत नाही, आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, प्लास्टिक वाकतं, चिकटवलेलं सुटतं. बाबांच्या खोलीत, मातीच्या भिंतीला लागून ठेवतो. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न "काय बिघडलं" असा विचारत नाही, "तारीख कधीची" असा विचारतो. तारीख महिनाभर लांब असेल तर दुरुस्ती, परवाची असेल तर बदली, आणि शंभर रात्रींचा करार हातात असेल तर सरळ सांगतो, भाऊ, नवा घे, जुना माझ्याकडं ठेव. यात दुरुस्तीचे पैसे बुडतात. तो माणूस मात्र पुढच्या दिवाळीला परत येतो.

2004 चा बाजा 2022 च्या मृगात गेला. वीज कडाडली, प्लग लावलेला राहिला होता, चिपच गेली. मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, "माहे चौदा आवाज तर तू आधीच घालवले होते गा," आणि हसले.

आता तो मागच्या खोलीत उघडा पडलेला असतो. त्याच्या पट्ट्या त्याच काळच्या दुसऱ्या तीन-चार मॉडेलांना बसतात. पांढऱ्या अकरा गेल्या, काळ्या चार. काल आरमोरीहून एक मास्तर आले होते, त्यांना मधल्या सप्तकातला कोमल गंधार हवा होता. काढून दिला. पैसे किती, विचारत होते. चहा सांगा म्हटलं.