प्राग वीकेंड: पैसे काउंटरवर बदलू नका, बाकी सगळं निभावतं

विंटर सेमिस्टरला जर्मनीत नवीन शिकायला आलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय. ड्रेस्डेन, लाइपझिग, केम्निट्झ, कुठेही अ‍ॅडमिशन असू दे, पहिली ट्रिप प्रागचीच निघते आणि दरवर्षी सीनियर लोक तेच ज्ञान वाटतात, की "अरे युरो चालतात सगळीकडे, आणि नाहीच चालले तर तिथे झीरो कमिशनवर पैसे बदलून देणारे बसलेत ना." हे ज्याने आम्हाला सांगितलं त्याला माझ्याकडून वर्षभर चहा बंद.

तर आधी पैशाचंच. चेक रिपब्लिक युरोपियन युनियनमध्ये आहे, शेंगेनमध्ये आहे, पण चलन त्यांचं स्वतःचं, कोरुना. एका युरोला साधारण 24-25 कोरुना हा हिशोब डोक्यात पक्का ठेवा, कारण तिथे तुमचं सगळं नशीब या एका आकड्यावर आहे. टुरिस्ट भागातली काही दुकानं युरो घेतात, पण रेट त्यांच्या मर्जीचा आणि सुट्टे कोरुनात, म्हणजे दोन्हीकडून मार.

आम्ही पाच जणांनी प्रत्येकी वीस-वीस युरो काँट्री काढून शंभरची एक नोट केली होती आणि ती खजिनदार म्हणून सांगलीवाल्याकडे दिली होती. ओल्ड टाउन स्क्वेअरकडून चार्ल्स ब्रिजकडे जाणारी जी कार्लोवा नावाची चिंचोळी गल्ली आहे त्या पट्ट्यात पावलापावलावर एक्स्चेंजची काउंटरं. एकावर भलं मोठं 0% आणि खाली 24 पॉइंट काहीतरी असा ठळक आकडा. नोट काचेखालून आत गेली, बाहेर आले 1720. सांगलीवाल्याने दोनदा मोजले, नाशिकवालीने परत मोजले. शंभर युरोचे चोवीसशेच्या वर यायला हवे होते. विचारलं तर माणसाने काचेवर चिकटवलेल्या एका कागदाकडे बोट दाखवलं. तो ठळक आकडा म्हणजे ते *विकतात* तेव्हाचा भाव! आपल्याकडून युरो घेतानाचा भाव बाजूला बारीक अक्षरात, 17 पॉइंट दोन. आणि एक 'व्हीआयपी रेट' पण असतो म्हणे, तो मोठी रक्कम असेल तरच. कमिशन खरंच शून्य होतं बरं का, त्याबाबतीत माणूस एकदम प्रामाणिक.

सातशे कोरुना म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस युरो. ज्याने मेन्झामध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये, तीन युरोचं जेवण जेवून महिना काढलाय त्याला विचारा अठ्ठावीस युरो काय असतात. कोणाचाच मूड राहिला नाही, चार्ल्स ब्रिज आम्ही अक्षरशः भांडत भांडत ओलांडला.

आता ही गोष्ट नीट वाचा कारण रीलवाले सांगत नाहीत. होस्टेलला चेक-इन करताना आम्ही रिसेप्शनवरच्या पोराकडे रडगाणं गायलं, त्याने शांतपणे विचारलं, पावती आहे का आणि किती वाजताची. पावती होती, 12:52 ची. तर 1 एप्रिल 2019 पासून तिथे कायदाच आहे की हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत, काहीही कारण न देता, रद्द करता येतो. तुम्ही कोरुना परत द्यायचे, त्यांनी तुमचे युरो परत द्यायचे, विषय संपला. घड्याळात तेव्हा पावणेतीन वाजून गेले होते. बॅगा तिथेच टाकल्या आणि पळालो. ट्रॅममध्ये बसल्यावर नाशिकवालीच्या लक्षात आलं की 1720 पैकी पाणी आणि टॉयलेटवर शंभरेक उडालेत, आणि परत करायचे तर पूर्ण 1720 च द्यायला लागणार. मग मध्येच उतरून बँकेच्या एटीएममधून पाचशे काढले (सुट्टे करायला एक रोहलिक, म्हणजे तिथला साधा लांबट पाव, घेतला, तो त्या दिवशीचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला पदार्थ होता) आणि 3:30 ला काउंटरवर हजर.

माणूस आधी म्हणाला नो, नो, फिनिश्ड. मग म्हणाला सिस्टिम क्लोज झाली. सांगलीवाला एरवी बँकेच्या रांगेत पण आवाज चढवत नाही, त्याने पावती काचेला टेकवली, वेळेवर बोट ठेवलं आणि एवढंच म्हणाला, "थ्री अवर्स. चेक नॅशनल बँक." या काउंटरांचं लायसन्स आणि तपासणी त्याच बँकेकडे असते. पुढे एक शब्द नाही. त्याने कोरुना मोजून घेतले, एका कागदावर सही घेतली आणि आमचीच शंभरची नोट, कोपरा दुमडलेली, परत सरकवली. आम्ही गल्लीत जे ओरडलो ते बघून चार टुरिस्ट थांबले.

तेव्हा निर्णय असा: काउंटरवर जाऊच नका. गेलातच तर नोट द्यायच्या आधी "शंभर युरोचे हातात किती?" एवढं विचारा, आकडा लिहून मागा, आणि पावती फेकू नका. रस्त्यात कोणी येऊन "चेंज मनी, गुड रेट" म्हणालं तर चालते व्हा, तिथे दुसऱ्याच देशाच्या जुन्या, बाद नोटा हातात ठेवतात आणि तिथे ना पावती ना तीन तास.

खरं म्हणजे कॅश लागतेच कमी. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, ट्रॅममध्येसुद्धा मधल्या दारापाशी कार्ड टॅप करून तिकीट निघतं. थोडी कॅश हवीच असेल तर खऱ्या बँकेच्या एटीएममधून काढा, म्हणजे चेस्का स्पोरझितेल्ना, चेएसओबे, कोमेर्च्नी बांका वगैरे. टुरिस्ट गल्लीत जी सुटी एटीएमं भिंतीत ठोकलेली दिसतात ती टाळा. आणि मशीनने विचारलं की युरोमध्ये कन्व्हर्ट करून कापू का, तर नाही म्हणा. हे दुकानातल्या मशीनवर पण विचारतात. नेहमी कोरुनात कापा म्हणायचं, रेट आपली बँक लावेल. हिरवं बटण मोठं आणि आकर्षक असतं, ते त्यांच्या फायद्याचं असतं.

दुसरा चुना कोल्हापूरवाल्याला लागला. ओल्ड टाउन स्क्वेअरमध्ये लाकडाच्या जाळावर मोठाले हॅम फिरत असतात, वास असा की पाय आपोआप वळतात. बोर्डवर नव्वदच्या आसपास आकडा. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात: 100 ग्रॅम. विक्रेता विचारत नाही किती पाहिजे, सपासप कापून वजनावर टाकतो, प्लेट भरते 380 ग्रॅमची, आणि कापलंय म्हणजे आता घ्यावंच लागणार असा चेहरा. कोल्हापूरवाल्याने पैसे भरले आणि हाडापर्यंत खाल्लं, चव चांगली होती म्हणाला, पण त्याचं मत त्या किमतीनंतरचं आहे. घ्यायचंच तर आधी "वन हंड्रेड ग्रॅम" असं ओरडून सांगा. त्रदेल्निक नावाची साखर लावलेली गुंडाळी पण 'जुनी चेक परंपरा' म्हणून विकतात. प्रागमध्ये ती गेल्या काही वर्षांतच बोकाळलीय. एक घ्या, चौघांत खा, फोटो काढा, पुरे.

व्हेज लोकांसाठी: स्माझेनी सीर, म्हणजे ब्रेडक्रम्समध्ये तळलेलं चीज, सोबत बटाटे आणि टार्टर सॉस. पहिल्यांदा स्वर्ग, दुसऱ्यांदा ठीक, तिसऱ्यांदा नको. तिथे दुपारचं स्वस्त मेन्यू असतं असं तुम्हाला कोणीतरी सांगेल, ते खरं आहे पण ते कामाच्या दिवशी असतं, शनिवार-रविवार विसरा. हॉटेलात न मागता ब्रेड किंवा प्रेट्झेल टेबलवर ठेवले तर हात लावायच्या आधी विचारा, बिलात येतात. बिअर पाण्यापेक्षा स्वस्त हे बऱ्याच ठिकाणी खरं आहे आणि त्याचे परिणाम रात्री अकरानंतर रस्त्यावर दिसतात. आम्ही मेथीचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, त्यावर दोन नाश्ते निघाले. नेऊन ठेवा, लाजायचं काय त्यात.

होस्टेल झिझकोव्हला घेतलं, ते बरोबर होतं. सेंटरपेक्षा स्वस्त, 9 नंबरची ट्रॅम लिपान्स्का स्टॉपवरून थेट गावात. फक्त एक, तो भाग चढाचा आहे आणि फुटपाथ सगळे दगडी चौकोनांचे, त्यामुळे चाकाची बॅग नेऊ नका, पाठीवरची सॅक न्या. रात्री प्रत्येक माणशी 50 कोरुना सिटी टॅक्स वेगळा असतो, बुकिंगच्या किमतीत धरलाय का बघून घ्या. लॉकरचं कुलूप स्वतःचं.

तिकिटाचं: 24 तासांचा पास काढा, मेट्रो, ट्रॅम, बस सगळ्याला एकच. कागदी तिकीट घेतलं तर पिवळ्या मशीनमध्ये पंच केल्याशिवाय त्याला किंमत नाही, आणि साध्या कपड्यातले तपासनीस मेट्रोच्या जिन्याखाली उभे असतात. अ‍ॅपवर घेतलंत तर चढायच्या आधी अ‍ॅक्टिव्हेट करा, लगेच चालू होत नाही, थोडा वेळ लागतो. नामेस्ती मिरू स्टेशनचा सरकता जिना 87 मीटर लांब आहे, युरोपियन युनियनमधला सगळ्यात लांब, वर बघितलं की गरगरतं. आमच्यातला एक जण त्यावरून फुकटात तीन चकरा मारून आला. स्टुडंट बजेटमध्ये बसणारी राइड.

बघण्यासारखं काय यावर फार लिहित नाही, ते सगळीकडे आहे. खगोलीय घड्याळ 1410 चं, तासाला बाहुल्या फिरतात, एक मिनिटही चालत नाही आणि सगळे मोबाइल वर करून उभे, तेव्हा खिसेकापूंची चांदी. घड्याळ भारी, शो बोगस. चार्ल्स ब्रिज 1357 मध्ये बांधायला घेतला, अर्धा किलोमीटर लांब, तीस पुतळे. दुपारी तिथे दादर स्टेशनचा जिना होतो, नोव्हेंबरात सकाळी सातला जा, नुकतं उजाडत असतं आणि पूल मोकळा. वारा मात्र नदीवरून सरळ कानात शिरतो, टोपी विसरू नका. किल्ल्याला 22 नंबरची ट्रॅम वरपर्यंत जाते, वर उतरून खाली चालत या, उलटं करू नका. आणि 22 मध्ये पाकीट पुढच्या खिशात ठेवा. किल्ल्याच्या आवारात फिरायला तिकीट नाही, आम्ही तेवढंच केलं. आतलं सेंट व्हिटस कॅथेड्रल 1344 ला सुरू होऊन 1929 ला पूर्ण झालं. पुण्याच्या मेट्रोवाल्यांनी हे वाचू नये, उगाच धीर येईल.

सूर्यास्ताला रीगरोवी सादी बागेत जा, फुकट, उतारावर बसायचं, समोर किल्ला. नोव्हेंबरात सव्वाचारलाच अंधार पडतो हे लक्षात ठेवून प्लॅन करा. रविवारी व्हिशेह्राद हा जुना किल्ला केला, शांत होता, छान होता, ड्व्होर्झाक आणि स्मेताना हे संगीतकार तिथल्या कबरस्तानात आहेत. झालं.

आता शेवटचं आणि महत्त्वाचं, कागदपत्रं. जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड असेल तर प्रागला जायला वेगळा व्हिसा लागत नाही, पण कार्ड *आणि* पासपोर्ट, दोन्ही ओरिजिनल, अंगावर पाहिजेत. जाताना कोणी विचारलं नाही म्हणून गाफील राहू नका. जर्मनीने ऑक्टोबर 2023 पासून चेक सीमेवर तपासणी परत सुरू केलीय. येताना बॉर्डर ओलांडल्यावर बस बाजूला घेतली, पोलीस आत आले, एकेकाचं पान उलटून बघितलं. आमच्या मागच्या सीटवर एक पोरगा होता, आमच्या ग्रुपमधला नाही, त्याच्याकडे कार्ड होतं आणि पासपोर्टचा मोबाइलवर फोटो. त्याला खाली उतरवलं आणि अख्खी बस चाळीस-पंचेचाळीस मिनिटं थांबली. ज्यांचं कार्ड अजून आलेलं नाही आणि हातात नुसता फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग, म्हणजे कार्ड येईपर्यंतचा तात्पुरता कागद आहे, त्यांनी तिकीट काढायच्या आधी परदेशी नागरिकांच्या ऑफिसला मेल टाका. त्याचे वेगवेगळे प्रकार असतात, सगळ्यांवर देशाबाहेर जाऊन परत येता येत नाही.

ड्रेस्डेनहून बस दोन तासांची म्हणून लिहिलेली असते, येताना तीन धरा. चार-पाच युरो जास्त पडत असतील तर ट्रेनने जा, जाताना डाव्या बाजूला बसा, एल्ब नदी तासभर सोबत असते. आणि सोमवारी आठला लॅब असेल तर रविवारची शेवटची बस घेऊ नका, दुपारचीच घ्या.