वाँटेज ते अफिंग्टन: इंग्लंडच्या खेड्यांतील चर्च कशी टिकतात, हे पाहण्यासाठी केलेली पायपीट

दर वर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी इंग्लंडमध्ये ‘राइड अँड स्ट्राइड’ नावाचा उपक्रम होतो. लोक सायकलने किंवा पायी निघतात, दिवसभरात जमतील तितक्या चर्चना भेट देतात आणि त्यासाठी आधीच नातेवाइकांकडून व शेजाऱ्यांकडून देणगीचा शब्द घेऊन ठेवतात. जमलेल्या रकमेचा निम्मा भाग चालणाऱ्याने निवडलेल्या चर्चला मिळतो आणि निम्मा भाग त्या काउंटीतील, म्हणजे जिल्ह्यातील, जुन्या चर्चच्या दुरुस्तीसाठी अनुदान देणाऱ्या न्यासाकडे जातो. 1982 मध्ये सफक काउंटीत सुरू झालेला हा उपक्रम आता देशभर होतो. माझा भाचा ऑक्सफर्डशायरमध्ये राहतो. त्याने विचारले, “मावशी, या वेळी माझ्याबरोबर चालशील का?” अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या गावच्या मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासद-समुदायाचे, हिशेब मी अनेक वर्षे सांभाळले आहेत. ज्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, परंपरेतून आमची मंडळी उभी राहिली आणि 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली, त्या परंपरेच्या मूळ खेड्यांत आज पैसा कुठून येतो, हे मला पाहायचे होते. म्हणून मी लगेच होकार दिला.

आम्ही वाँटेजहून निघून चिल्ड्री, स्पार्शोल्ट आणि किंग्स्टन लाइल या खेड्यांतून अफिंग्टनपर्यंत गेलो. हे अंतर साधारण 13 किलोमीटर आहे. परंतु चर्चमध्ये थांबत आणि बोलत गेल्यास पूर्ण दिवस लागतो. वाँटेजला रेल्वे नाही, कारण तिथले जवळचे स्थानक 1964 मध्येच बंद झाले. त्यामुळे लंडनच्या पॅडिंग्टनहून डिडकॉटला किंवा ऑक्सफर्डला उतरून पुढे बस घ्यावी लागते. खेड्यांना जोडणारा डांबरी रस्ता अरुंद आहे आणि त्यावरून गाड्या वेगाने जातात. म्हणून ऑर्डनन्स सर्व्हेचा 170 क्रमांकाचा एक्सप्लोरर नकाशा घेऊन शेतांतील पायवाटांनी जाणे बरे. बूट चिखलात चालतील असे हवेत, आणि अफिंग्टनहून परतीची गाडी आधीच ठरवून ठेवावी.

प्रत्येक चर्चच्या दाराशी एक टेबल, त्यावर सरबताचा जग, बिस्किटांची थाळी आणि येणाऱ्यांची नोंद करायचा कागद असतो. टेबलामागे बहुधा सत्तरीच्या घरातील कोणीतरी बसलेले असते. चिल्ड्रीला शिशाचे बाप्तिस्म्याचे कुंड आहे, त्यावर ओळीने बिशप कोरलेले आहेत. इंग्लंडमध्ये अशी शिशाची कुंडे फार थोडी उरली आहेत. स्पार्शोल्टला ओक लाकडाच्या मध्ययुगीन शयनमूर्ती, म्हणजे पहुडलेल्या माणसांच्या मूर्ती, आहेत. हे सारे अवश्य पाहावे. मात्र मला अधिक शिकायला मिळाले ते टेबलामागच्या माणसांकडून.

वाटेतील एका चर्चमध्ये चर्चवॉर्डन असलेल्या बाईंशी आम्ही पाऊण तास बोललो. दर वर्षी निवडलेले दोन वॉर्डन आणि पीसीसी म्हणजे चर्चची पंचमंडळी मिळून इमारतीची सगळी जबाबदारी वाहतात. (पॅरिश कौन्सिल ही संस्था वेगळी आहे, ती ग्रामपंचायतीसारखी असते आणि नवख्या माणसाचा यात हमखास घोटाळा होतो.) मी त्यांना विचारले की सरकार किंवा लंडनमधील मुख्य कार्यालय तुमचे चर्च चालवते, असे आमच्याकडे अनेकांना वाटते, ते कितपत खरे आहे? त्यांनी शांतपणे वही उघडून दाखवली. इंग्लंडमध्ये जर्मनीसारखा चर्चसाठीचा कर नाही. पाळकांचे मानधन, निवृत्तिवेतन, घर आणि प्रशिक्षण यांचा खर्च मुख्यतः ज्यातून भागतो, तो ‘पॅरिश शेअर’ प्रत्येक गावाने धर्मप्रांताकडे भरायचा असतो, आणि एकच पाळक पाच-सहा गावे सांभाळत असला तरी हा वाटा भरावाच लागतो. त्याशिवाय विमा, वीज आणि दुरुस्ती आहेच. 1955 च्या कायद्याने सुरू झालेल्या नियमानुसार दर पाच वर्षांनी वास्तुविशारदाकडून इमारतीची तपासणी करून घ्यावी लागते, आणि त्या अहवालातील कामांची यादी कधी लहान नसते. चर्च ऑफ इंग्लंडच्या सुमारे 16,000 इमारतींपैकी 12,000 हून अधिक वारसा म्हणून संरक्षित आहेत. त्यामुळे स्वस्तातले पत्रे टाकून वेळ मारून नेता येत नाही. अशा प्रार्थनास्थळांना दुरुस्तीवरील व्हॅट परत देणारी योजना 2001 ते 2026 या काळात होती, परंतु 2025 मध्ये तिला एका स्थळासाठी वर्षाला 25,000 पाउंडांची मर्यादा घालण्यात आली. व्हॅट 20 टक्के असल्याने सव्वा लाख पाउंडांपलीकडच्या कामाचा सगळा कर गावालाच सोसावा लागणार, हे गणित त्या बाईंना तोंडपाठ होते.

मी जत्रेबद्दल विचारले, कारण दारावर उन्हाळी ‘फेट’चे जुने पत्रक अजून लावलेले होते. मे महिन्यात रोपांची विक्री, जून-जुलैत फेट, त्यात केकचे टेबल, जुन्या पुस्तकांचे टेबल आणि सोडत, उन्हाळ्यात रविवारी दुपारचा चहा, शरदात सुगीच्या हंगामाचे जेवण आणि नाताळात गीतांची संध्याकाळ, असे त्यांचे वर्ष भरलेले असते. त्या म्हणाल्या, “केकच्या पैशांतून छपराच्या पन्हळी दुरुस्त होतात, पाळकाचे मानधन निघत नाही. मानधन निघते ते महिन्याच्या महिन्याला बँकेतून आपोआप येणाऱ्या देणग्यांवर.” हे ऐकून मला आमची वही आठवली. आमच्याकडेही सणाच्या दिवशी थाळी भरून वाहते आणि श्रावण-भाद्रपदात पाळकांचा पगार थकतो. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, नियमित देणारी घरे मोजकी असतात, आणि खरा भार त्यांच्यावरच असतो.

तरीही फेट निरुपयोगी आहे, असे मला वाटत नाही. रविवारी उपासनेला जिथे पंधरा-वीस माणसे येतात, तिथे फेटला सगळे गाव लोटते. जे प्रार्थनेला कधी येत नाहीत, तेही टेबले मांडतात, तंबू उभारतात आणि ही इमारत आपली आहे असे मानू लागतात. म्हणूनच अनेक गावांनी ‘फ्रेंड्स’ नावाची वेगळी संस्था काढली आहे. तिचे पैसे फक्त इमारतीवर खर्च होतात, त्यामुळे श्रद्धा नसलेला शेजारीही निःसंकोचपणे देणगी देतो.

पुढे कधी तिथे जाणाऱ्यांनी देणगीबाबत काही गोष्टी नीट समजून घ्याव्यात. ब्रिटनमध्ये आयकर भरणाऱ्या व्यक्तीने गिफ्ट एडचा अर्ज भरला, तर तिच्या प्रत्येक पाउंडामागे सरकार 25 पेन्स जास्तीचे देते. भारतातून आलेल्या पाहुण्याने हा अर्ज भरू नये, आणि तिथल्या नातेवाइकानेही स्वतःच्या पैशांपुरताच तो भरावा. चार जणांची वर्गणी एकाच्या नावावर दाखवणे चूक आहे. मात्र लहान देणग्यांची एक निराळी योजना आहे. 30 पाउंडांपर्यंतची रोख किंवा कार्ड टेकवून दिलेली रक्कम असेल, तर देणाऱ्याच्या अर्जाविना चर्चला तीच 25 टक्क्यांची भर मागता येते. म्हणजे आपण पेटीत टाकलेल्या 10 पाउंडांचे साडेबारा होऊ शकतात. कार्डाची यंत्रे आता पुष्कळ ठिकाणी आहेत, परंतु जाड दगडी भिंतींच्या आत फोनला रेंज मिळेलच असे नाही. दोन ठिकाणी माझे कार्ड चालले नाही, आणि जवळ सुटे पैसे नसल्याने मला रिकाम्या हाताने बाहेर पडावे लागले, याचे मला अजून वाईट वाटते. पाच आणि दहाच्या नोटा, एक-दोन पाउंडांची नाणी जवळ ठेवावीत. दुसरे असे की, ‘छपरासाठी’ म्हणून दिलेला पैसा छपरावरच खर्चावा लागतो. म्हणून खास कारण नसेल, तर सर्वसाधारण निधीला द्यावे, कारण विजेचे बिल कोणाच्याही मनात भरत नाही आणि तरी ते भरावेच लागते.

अफिंग्टनला आम्ही साडेचारला पोहोचलो. तेराव्या शतकातील या चर्चचा मनोरा अष्टकोनी आहे, आणि मागच्या टेकडीच्या उतारावर खडूच्या पांढऱ्या मातीत रेखलेला, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा घोडा आहे. तोही माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या घासून, नवा खडू ठोकून राखला आहे. तसे केले नसते तर गवताखाली केव्हाच गेला असता.

दोन आठवड्यांनी भाच्याच्या गावी हंगामाचे जेवण होते. चर्चमधील हा सण आजच्या रूपात 1843 मध्ये कॉर्नवॉलच्या मॉर्वेनस्टो गावी रॉबर्ट हॉकर या पाळकाने सुरू केला. खिडक्यांच्या कट्ट्यांवर भोपळे, सफरचंदे आणि डबाबंद अन्न मांडले होते. डबे गरजूंच्या अन्नपेढीकडे गेले आणि भाज्यांचा जेवणानंतर लिलाव झाला. आमच्याकडे बाजरीच्या पायलीवर आणि गावरान कोंबडीवर जशी बोली चढते, तशीच तिथे मुरंब्याच्या बाटलीवर चढली. मी घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी भीत भीतच टेबलावर ठेवली होती. ती 11 पाउंडांना गेली, आणि घेणाऱ्या शेतकऱ्याने ती कशाशी खायची, हे मला दोनदा विचारून घेतले. अशा जेवणाची तिकिटे मर्यादित असतात. गावच्या सूचनाफलकावरील क्रमांकावर आठवडाभर आधी कळवावे, आणि घरचा पदार्थ न्यायचा असल्यास त्यात दाणे, तीळ वा दूध असल्याचे कागदावर स्पष्ट लिहावे.

निघण्याआधी, 29 सप्टेंबरला, मी पुन्हा वाँटेजला गेले. 1883 मध्ये याच तारखेला, याच गावात पंडिता रमाबाईंचा आणि त्यांच्या छोट्या मुलीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला. ज्या ख्रिस्ती संन्यासिनी भगिनींकडे त्या राहिल्या, त्यांच्या संघाच्या भगिनी आधीपासून पुण्यात काम करत होत्या. गावच्या मोठ्या चर्चमध्ये त्या वेळी दोन बाया पितळी दिवे पुसत होत्या. मी रमाबाईंचे नाव सांगितले, तेव्हा त्यांनी फडके बाजूला ठेवून मला बसायला सांगितले आणि चहा आणला. या वेळी माझ्याकडे नाणी होती. पेटी दाराच्या उजव्या हाताला आहे.