आमची वाटचाल: लॉग हलले, एसईलिनक्स चालूच राहिले

आमचा व्यवसाय दुसऱ्यांचे लिनक्स सर्व्हर सांभाळण्याचा. सुरुवातीला पडेल ते काम घेत होतो: बॅकअप, मेल, डेटाबेस, रात्री-बेरात्री बंद पडलेल्या वेबसाइट. आज आम्हाला लोक एका विशिष्ट कामासाठी शोधत येतात. डिस्क भरली म्हणून लॉग (सर्व्हरवर काय घडलं याच्या नोंदींच्या फायली) दुसऱ्या डिस्कवर हलवले आणि सर्व्हरच्या सुरक्षा धोरणाने तिथे लिहायला मनाई केली, अशा वेळी ते आम्हाला बोलावतात. हे ठरवून झालं नाही. एका नकारातून झालं.

पहिल्या काही ग्राहकांपैकी एकाचा निरोप ठरलेला असायचा, "ते एसईलिनक्स बंद करून टाका हो, सगळे तेच करतात." एसईलिनक्स म्हणजे कुठल्या प्रोग्रामने कशाला हात लावायचा हे ठरवणारी लिनक्समधली सुरक्षा यंत्रणा. आम्ही सांगितलं, बंद करणार नाही; पण का अडतंय ते शोधून कायमचं नीट करून देऊ. तेव्हा हातात कामं मोजकीच होती आणि ग्राहक जाण्याची भीती खरी होती. तरी शब्द पाळला आणि तोच पुढे कंपनीचा नियम झाला.

या हट्टामागे कारण आहे. एसईलिनक्स अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने 2000 साली खुलं केलं, 2003 साली ते लिनक्सच्या 2.6 कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आलं. त्याचं मर्म लॉगच्या बाबतीत फार स्वच्छ दिसतं. वेब सर्व्हरच्या प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) आपल्या लॉग फायलीच्या शेवटी ओळ जोडता येते, पण आधी लिहिलेलं खोडता येत नाही. म्हणजे कुणी वेब सर्व्हर ताब्यात घेतलाच, तरी तो आत कसा आला याचा माग त्याला त्या प्रोसेसमधून पुसता येत नाही. लॉग हलवताना ही सोय घालवायची म्हणजे चोरीच्या चौकशीसाठी ठेवलेली वही चोराच्याच हातात देणं.

अडतं कुठे? एसईलिनक्स मार्ग (फाइल कुठे आहे तो पत्ता) बघत नाही, फायलीला चिकटवलेलं लेबल बघतं. /व्हार/लॉगमधल्या फायलींवर 'व्हार_लॉग_टी' आणि त्याच्या भाईबंदांची लेबलं असतात. मूळ डिस्कवरच /डेटा/लॉग असं नवं फोल्डर केलं, तर धोरणाला ती जागा माहीत नसल्यामुळे त्यावर 'डिफॉल्ट_टी' बसतं. नुकतीच फॉरमॅट केलेली डिस्क जोडली तर 'अनलेबल्ड_टी' दिसतं. लॉग लिहिणारा आरसिसलॉग हा प्रोग्राम तिथे लिहायला जातो आणि सुरक्षेच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑडिट लॉगमध्ये एव्हीसी डिनायलची, म्हणजे मनाईची, ओळ पडते.

ती ओळ वाचायला शिकणं हे आमच्याकडे नव्या मुलामुलींचं पहिलं काम. आरसिसलॉगच्या डिनायलमध्ये बऱ्याचदा प्रोसेसच्या नावाच्या जागी 72733 ने सुरू होणारी आकड्या-अक्षरांची लांब माळ दिसते आणि नवखा माणूस घाबरतो, मशीनमध्ये काही घुसलंय की काय! घुसलेलं काही नसतं. आरसिसलॉगच्या आत चालणाऱ्या त्या थ्रेडचं (उपकामाचं) नाव 'आरएस:मेन क्यू:रेग' असं आहे, त्यात मोकळी जागा आहे, आणि अशी नावं ऑडिट यंत्रणा हेक्समध्ये (अक्षरांऐवजी त्यांच्या सांकेतिक आकड्यांत) लिहिते. ऑडिट लॉग शोधणाऱ्या एयूसर्च कमांडला 'आय'चा पर्याय दिला की नाव सरळ वाचता येतं. पुढे तीनच गोष्टी बघायच्या: कोण गेलं (सिसलॉगडी_टी, हे आरसिसलॉगच्या प्रोसेसचं लेबल), कशाकडे गेलं (डिफॉल्ट_टी), आणि काय मागितलं. यावरूनच निदान होतं.

इथे एक मोह आवरावा लागतो. ऑडिट2अलाऊ नावाचं साधन डिनायलवरून परवानगीचा नियम तयार करून देतं. पण तो नियम म्हणतो, सिसलॉगडी_टीला डिफॉल्ट_टीवर लिहू द्या. म्हणजे मशीनवर जिथे जिथे ते लेबल आहे तिथे सगळीकडे. चूक लेबलात असते, नियमात नसते. म्हणून लेबलच बदलायचं.

चेकॉन या कमांडने बदललेलं लेबल तात्पुरतं असतं. फाइल सिस्टिमचं पुन्हा लेबलिंग झालं, किंवा कुणी धोरणाप्रमाणे लेबलं परत लावणारं रिस्टोअरकॉन चालवलं, की ते जातं आणि महिनोन्महिने सुरळीत चाललेले लॉग अचानक थांबतात. लॉग सीपी या कॉपीच्या कमांडने हलवताना मूळ लेबलं जपली असतील तर आणखी फसवं चित्र दिसतं: जुन्या फायलींवर लेबल नीट, पण फोल्डरचं स्वतःचं चुकलेलं. मग चालू फाइल लिहिली जाते, जुने लॉग बाजूला ठेवणाऱ्या लॉगरोटेटने रात्री नवी फाइल काढली की तिथे डिनायल. सकाळी ग्राहकाचा फोन येतो की काल संध्याकाळपर्यंत सगळं ठीक होतं. त्यामुळे लॉगरोटेट एकदा हाताने जबरदस्तीने चालवून पाहिल्याशिवाय आम्ही काम पूर्ण झालं असं म्हणतच नाही.

आमची पहिली पसंती मार्गच न बदलण्याला. नवी डिस्क थेट /व्हार/लॉगवर माउंट करायची (जोडायची), डेटा परत आणायचा आणि रिस्टोअरकॉन चालवायचं. धोरणाला मार्ग ओळखीचा, सगळी लेबलं आपोआप बसतात. ते शक्य नसेल तेव्हा कुठल्या मार्गाला कुठलं लेबल हे ठरवणाऱ्या सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट कमांडमध्ये समतुल्यतेचा, म्हणजे 'ई'चा पर्याय वापरून सांगायचं की /डेटा/लॉगला /व्हार/लॉगसारखंच मान. मग रिस्टोअरकॉन. अनेक जण सरसकट सगळ्यावर व्हार_लॉग_टी लावतात आणि मग ऑडिट लॉग लिहिणारी ऑडिटडी कुरकुरते, कारण तिच्या फोल्डरला स्वतःचं ऑडिटडी_लॉग_टी लागतं. वेब सर्व्हरचंही वेगळं लेबल असतं. समतुल्यतेत हे सगळे फरक जसेच्या तसे येतात. वरच्या /डेटा फोल्डरकडेही बघावं लागतं, आतलं कितीही नीट असलं तरी दारातूनच जाता आलं नाही तर उपयोग नाही.

डिनायलची ओळ दिसत नाही पण काम अडतंय, असंही होतं. धोरणातले काही नियम डिनायल मुद्दाम नोंदवत नाहीत. सेमॉड्यूल या कमांडने ते तात्पुरते बाजूला करून बघायचे आणि नंतर पूर्ववत करायचे. आणि त्रुटी 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' अशी असेल तर एसईलिनक्सचा पाठलाग सोडून सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीच्या युनिटमध्ये (त्या सेवेच्या सेटिंगच्या फायलीत) बघायचं. तिथे लिहिण्यावर बंदी आणणारं प्रोटेक्टसिस्टिम कडक लावलेलं असेल तर नवी जागा रीडराइटपाथ्समध्ये, म्हणजे लिहायला मोकळ्या जागांच्या यादीत, घालावी लागते.

काम वाढलं तसं हे सगळं डोक्यातून काढून सर्व्हरची सेटिंग आपोआप लावणाऱ्या अँसिबलमध्ये उतरवलं. लेबलांचे नियम आता प्रत्येक ग्राहकाच्या गिट रिपॉझिटरीत असतात, त्यामुळे सर्व्हर नव्याने उभा केला तरी लॉगची जागा आणि तिचं लेबल एकत्रच येतं. निदानासाठी ढिलाई द्यावीच लागली तर पूर्ण मशीन परमिसिव्ह (मनाई न करता फक्त नोंद घेणारं) करत नाही. सेमॅनेजने फक्त सिसलॉगडी_टी तेवढं परमिसिव्ह करतो आणि काढायची वेळ तिकिटावर आधीच लिहितो. उरलेलं मशीन तेवढा वेळही संरक्षणात राहतं.

उबुंटूवाले ग्राहक आले तेव्हा ॲपआर्मर ही तिथली अशीच सुरक्षा यंत्रणा शिकावी लागली. तिथे उलट: लेबल नाही, मार्ग महत्त्वाचा. प्रोफाइलच्या (प्रोग्रामच्या नियमांच्या फायलीच्या) लोकल फोल्डरमध्ये नवा मार्ग घालायचा, किंवा ट्यूनेबल्समधल्या अलायसमध्ये /व्हार/लॉग म्हणजे /डेटा/लॉग असं एकदाच सांगून प्रोफाइल पुन्हा लोड करायची. सध्या आमच्या टीममधले दोघे याच प्रोफाइलच्या चाचण्या अँसिबलमध्ये बसवत आहेत. काम हातावेगळं करताना आम्ही ग्राहकाच्या माणसासमोर सर्व्हर रीबूट करतो, लॉगमध्ये एक चाचणीची ओळ लिहून ती नव्या डिस्कवर दाखवतो, आणि एसईलिनक्स असेल तिथे गेटएन्फोर्स कमांडचं उत्तर 'एन्फोर्सिंग' (नियम लागू आहेत) आलेलं त्यांना स्वतः वाचायला लावतो.