तुम्ही विचारलंत म्हणून: ते डॉसचं सॉफ्टवेअर अजून कशाला?

नाशिकच्या पंचवटीतल्या मार्केट यार्डातले आडतीचे (शेतमालाच्या दलालीचे) गाळे आणि रविवार कारंजाच्या आसपासच्या जुन्या पेढ्या, यांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. गल्ल्यावर नव्याने बसू लागलेली मुलं हमखास विचारतात, "काका, हे डॉसचं सॉफ्टवेअर अजून कशाला चालवत ठेवता? एखादं नवीन बसवून द्या ना."

डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, कीबोर्डवर चालणारी कॉम्प्युटर प्रणाली. सरळ उत्तर देतो. त्या पेढीचा व्यवहार त्या प्रोग्राममध्ये भरलेला आहे. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाची पावती, वजन गुणिले भाव एवढीच नसते. हमाली, तोलाई, वाराई असे खर्च असतात, उचल (आगाऊ रक्कम) दिली असेल तर ती कापायची असते, रुपयाखालचे पैसे कसे धरायचे याचीही प्रत्येक पेढीची रीत असते. हे कुठल्या वहीत लिहिलेलं नाही. प्रोग्राम करणारा आडत्याशेजारी बसला, एकेक गोष्ट विचारत गेला आणि घालत गेला. २०१६ साली सरकारने आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायला लावली, तेवढा बदल केला की पट्टी पुन्हा बरोबर. कांदा-द्राक्षासारख्या ताज्या मालाला जीएसटी नाही, त्यामुळे २०१७ सालीही पट्टीला हात लावावा लागला नाही. आणि मुनीमजींचा हात बघा. माऊसला न शिवता, समोरच्या शेतकऱ्याशी बोलता बोलता पट्टी काढून मोकळे होतात. तो वेग मोडायला मन होत नाही.

अडचण येते ती विंडोजची. हे प्रोग्राम १६ बिटचे, म्हणजे जुन्या पिढीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेले. ३२ बिटच्या विंडोजमध्ये, अगदी विंडोज १० मध्येसुद्धा, ते चालवायची सोय होती. ६४ बिटमध्ये ती काढून टाकली, कारण प्रोसेसर ६४ बिटमध्ये चालू असताना डॉसला लागणारी जुनी पद्धत तो वापरू देत नाही. विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये निघालंच नाही, आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून गेली काही वर्षं हा प्रश्न जास्त ऐकू येतो.

यावर माझा भरवसा व्हीडॉसवर आहे. डॉसबॉक्स हा डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम, मुळात गेमसाठी केलेला. त्यातूनच निघालेला व्हीडॉस मात्र धंद्याच्या प्रोग्रामसाठी आहे. जुनं मशीन तो नव्या मशीनच्या आत उभं करतो. फाइली नेहमीच्या फोल्डरमध्येच राहतात आणि छपाई विंडोजच्या प्रिंटरवर जाते. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये केलेले काही प्रोग्राम वेगवान प्रोसेसरवर उघडतानाच 'डिव्हाइड बाय झीरो' म्हणून बंद पडायचे. त्यावर पॅच (दुरुस्तीची फाइल) निघाला होता, तो मी जपून ठेवला आहे.

खरा वेळ जातो छपाईत. पट्टी कार्बनवर, दोन-तीन प्रतींत लागते, म्हणजे डॉट मॅट्रिक्सला पर्याय नाही. लेझर प्रिंटरची शाई कार्बनखालच्या कागदावर उमटत नाही. जुना प्रोग्राम अक्षरं थेट एलपीटी-वनला, म्हणजे जुन्या प्रिंटर पोर्टला, पाठवतो, बारीक टाइप हवा असेल तर १५ नंबरचा कोड पुढे जोडतो. नव्या मशीनला तो पोर्टच नसतो. विंडोजच्या ड्रायव्हरमधून गेलं की तीच अक्षरं बऱ्याचदा चित्र बनून जातात, हेड एकेका ओळीवर रेंगाळतं आणि बाहेर ट्रॅक्टरची रांग वाढते. मग यूएसबीचा प्रिंटर शेअर करायचा, 'नेट यूज' कमांडने त्याला एलपीटी-वन म्हणून जोडायचं आणि मजकूर कोडसकट जसाच्या तसा पाठवायचा. पट्टी पहिल्यासारखी झरझर येते. हे जमलं की मालकांचा चेहरा खुलतो, आणि मला या कामाचं समाधान तिथे मिळतं.

सगळंच वाचवता येतं असं मात्र नाही. प्रिंटर पोर्टला लावायच्या लॉकवर चालणारं सॉफ्टवेअर असेल तर मी जुनं मशीनच जपायला सांगतो, इंटरनेट काढून. आणि काही ठिकाणी मी स्वतःच बदला म्हणतो. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे, असा कंपन्यांसाठी नियम आहे. जुन्या प्रोग्रामात एंट्री खोडली की मागमूस राहत नाही. तिथे सवयीपोटी अडून बसणं चूक आहे.

जुन्या प्रोग्रामवरच राहायचं ठरवलं तरी माहिती अडकून पडायला नको, यावर मी फार आग्रही असतो. असे प्रोग्राम माहिती बहुधा ज्यात ठेवतात ती डीबीएफ फाइल लिब्रेऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्या प्रोग्राममध्ये थेट उघडते. आकडे आणि तारखा नीट दिसतात. मराठी नावं मात्र दगा देतात. युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारी आजची अक्षरपद्धत, रुळायच्या आधी ती इस्की या जुन्या भारतीय सांकेतिक पद्धतीत किंवा एखाद्या फॉन्टच्या खास सांकेतिक अक्षरांत भरलेली असतात, आणि उघडल्यावर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी भलतीच चिन्हं येतात. ती युनिकोडमध्ये आणायचं काम प्रोग्राम चालू आहे तोवरच करून घ्या, कारण पडद्यावर नाव बरोबर दिसत असतानाच ते पडताळून बघता येतं. खतावणीतली नावं मुनीमजींना शेजारी बसवून तपासा. कोण कुठल्या गावचा, कुणाचं खातं कुणाच्या नावावर गेलं, हे त्यांनाच ठाऊक असतं.