दहा ते पाच

वृद्धाश्रमात कोणाला घ्यायचं आणि कुठल्या विभागात ठेवायचं, हे ठरवणं माझं काम. फॉर्म ऑफिसात भरतात, पण खरं काय ते घरी गेल्यावर कळतं. तिथे मी ‘औषधं वेळेवर घेता ना?’ असं विचारतच नाही, सरळ गोळ्या मोजते. एक तारखेला आणलेल्या तीस गोळ्यांतल्या वीस तारखेला सव्वीस शिल्लक असल्या, की उत्तर मिळालं. मग फ्रिज उघडते, बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का बघते आणि शेवटी चहा मागते. पुण्यात मागून चहा पिणारी मी एकटीच असेन, पण तो माझ्या तपासणीचा भाग आहे.

हे घर कर्वे रोडच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काका ८१ वर्षांचे, खुब्याच्या ऑपरेशनला तीन महिने झालेले, वॉकर घेऊन चालणारे. काकू ७७, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. मुलगा न्यू जर्सीहून अकरा दिवसांच्या रजेवर आलेला. त्याने लॅपटॉपवर सात संस्थांचा तक्ता केला होता: डिपॉझिट, महिन्याचा खर्च, फिजिओ, वायफाय. मेहनत होती त्यात, नाही म्हणत नाही. पण सगळा तक्ता बाबांच्या पायाभोवती. “आई एकदम फिट आहे, मॅडम. ती फक्त सोबत येणार.” डिपॉझिटसाठी फ्लॅट बाबांनी आधी त्याच्या नावावर बक्षीसपत्राने करावा आणि मग तो विकावा, असाही बेत होता. मी म्हटलं, आधी महिनाभर राहून बघू द्या, फ्लॅट कुठे पळत नाही. मुलाने सांभाळलं नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घ्यायला २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे खरं, पण ‘सांभाळेन’ ही अट बक्षीसपत्रात लिहिलेली नसेल तर म्हातारपणी तारखांना जायची वेळ येते. मुलगा वाईट नव्हता. घाईत होता.

काकूंना शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. ९३, ८६, ७९, ७२, ६५... धडाधड. वर मलाच “पुढे?” म्हणाल्या. स्मरणशक्तीच्या चाचणीत ३० पैकी २५ गुण, म्हणजे कागदावर पास. आयुष्यभर गणित शिकवलेल्या बाईला वजाबाकी विचारून काय कळणार, हे मी आमच्या डॉक्टरांना चार वर्षं सांगतेय. त्यांना आकडा लागतो.

मग चहा. काका वॉकर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. “चार कप पाणी घे. हां. आता साखर. आलं फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात.” मला वाटलं, नेहमीचं पुणेरी नवरेपण. आयुष्यात कधी चहा केला नसेल, पण सूचना सगळ्या पाठ. त्यांची चाल बघायची होती म्हणून म्हटलं, “काका, हॉलमध्ये एक फेरी मारून दाखवा.” ते नाखुशीनेच वळले.

आवाज थांबला आणि काकूही थांबल्या. गॅसचं बटण फिरवलेलं, बर्नरमधून सूं आवाज येतोय, हातात लायटर, आणि काकू शांतपणे खिडकीबाहेर बघतायत. मी पुढे होऊन बटण बंद केलं. त्या वळल्या आणि अगदी आदबीने म्हणाल्या, “आपण कोणाकडे आलात?”

हॉलमधून काकांची हाक आली, “लायटर लावलास का गं?”

हे अडीच वर्षं चाललेलं होतं. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर काका शेजारी बसून शब्द पुरवायचे. काका ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते तेव्हा ठेवलेली ब्यूरोची बाई म्हणाली होती, “आजी विसरतात हो.” कामचुकार म्हणून तिला बदललं. त्या घरात खरं बोललेली ती एकटीच.

निघताना काका जिन्याच्या तोंडाशी आले. हळू आवाजात म्हणाले, “ताई, ते गॅसचं लिहू नका.” आमचा नियम त्यांनी माहितीपत्रकात वाचला होता. विस्मरणाच्या पेशंटचा विभाग वेगळा, बंद दाराचा. जोडीदाराची खोली समोरच्या इमारतीत, भेट दहा ते पाच. हा नियम कर्मचाऱ्यांच्या सोयीचा आहे, पेशंटच्या नाही, हे मी मीटिंगमध्ये बोललेय. तरीही मी लिहिलं. रात्री एकटीने उठून तेच बटण फिरवलं असतं तर?

मुलाने प्रवेश पुढे ढकलला, गॅस काढून इंडक्शन बसवला आणि गेला. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, या आजारात नवी वस्तू हाताला बसत नाही. जुना गॅस निदान अर्धा तरी लक्षात होता.

परवा, दोन महिन्यांनी, काकांचा फोन आला. त्या काळ्या काचेला काकू शेगडी मानतच नाहीत, वर पेपर ठेवतात. “आता चहा मी करतो. वॉकरला पिशवी बांधलीय, साखरेचा डबा त्यात.” मग थोडा वेळ गप्प.

“ते दहा ते पाच आहे ना ताई, त्यातल्या पाचाचं साडेसात होईल का? तिला दिवेलागणीनंतर फार होतं.”

म्हटलं, विचारून सांगते. ट्रस्टींची मीटिंग शनिवारी आहे.