पिरॅमिडचा मुकादम

मे महिन्यात भाचरं आली की आमच्याकडे दोन गोष्टी झपाट्याने संपतात, आंबे आणि मोबाईलचा डेटा. यंदा ओजस आणि मुक्ता ठाण्याहून आले ते नवं ज्ञान घेऊनच. पहिल्याच दिवशी जेवताना ओजसने जाहीर केलं, "मामा, पिरॅमिड एलियन्सनी बांधलेत. माणसांना ते जमणंच शक्य नाही." व्हिडिओत दाखवलं होतं म्हणे.

मी पडलो साईट सुपरवायझर. वीस वर्षं झाली, नाशकात बिल्डिंगी उभ्या करतोय. "माणसांना जमणं शक्य नाही" हे वाक्य मला जरा लागलंच. गवंड्याने राबायचं आणि नाव दुसऱ्याचंच व्हायचं, हे आमच्या धंद्यात नवीन नाही. पण निदान तो दुसरा पृथ्वीवरचा तरी असतो! तर म्हटलं, या सुट्टीत पिरॅमिडचं काम हातात घेऊ. मला शाळेत इजिप्त एका धड्यात उरकलं होतं, नाईल, ममी, पिरॅमिड, रिकाम्या जागा भरा. तसं करायचं नाही एवढं ठरवलं.

सुरुवात हिशोबाने केली. गिझाचा मोठा पिरॅमिड, खुफू राजाचा. तळाची एकेक बाजू २३० मीटर, मूळची उंची साधारण १४६ मीटर. आमची इमारत सात मजली, म्हणजे तशा सात एकावर एक. दगड अंदाजे २३ लाख, सरासरी एकेक अडीच टनांचा. बांधायला वीस वर्षं लागली असं हिरोडोटस हा प्राचीन ग्रीक इतिहासकार सांगतो. (तो तिथे गेला तेव्हा पिरॅमिड दोन हजार वर्षं जुना होता, त्यामुळे त्यालाही कुणीतरी सांगितलेलंच.) जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ओजसने भागाकार केला. दिवसाला ३१५ दगड. दहा तासांची पाळी धरली तर दोन मिनिटांना एक.

मुक्ता सात वर्षांची आहे. तिला भागाकार येत नाही, पण दोन मिनिटं कळतात. तिने माझ्या फोनवर टायमर लावला आणि तो वाजला की घरभर "दगड!" म्हणून ओरडायला लागली. वीसेक दगड झाल्यावर आई आतून म्हणाली, "अरे, त्या राजाला म्हणावं आता पुरे."

दुसऱ्या दिवशी सुतळी. दहा वर्षांना एक सेंटिमीटर असं माप धरून अंगणात ताणली. आजीचं अख्खं आयुष्य आठ सेंटिमीटरच्या आतच आटोपलं, ते बघून मुक्ताला तिची फार दया आली. शिवाजी महाराजांचा जन्म चाळीसच्या आसपास. वेरूळचं कैलास लेणं सव्वा मीटरवर, अजिंठ्याची सगळ्यात जुनी लेणी दोन मीटरच्या थोडी पुढे. तिथेच जवळ इजिप्तच्या क्लिओपात्रा राणीची गाठ मारली. आणि खुफू? सुतळी कुंपणापर्यंत गेली, साडेचार मीटरच्याही पलीकडे. ओजस बराच वेळ त्या गाठीकडे बघत होता. "म्हणजे क्लिओपात्रा पिरॅमिडपेक्षा आपल्याला जवळ आहे?" हो. तिच्या काळातही पिरॅमिड म्हणजे पुरातन वास्तूच. खुफूच्या गाठीशेजारीच मोहेंजोदडोची गाठ मारली, तेव्हा मुक्ताने विचारलं की मग त्यांनी पिरॅमिड का नाही बांधला. म्हटलं, त्यांनी गटारं बांधली, झाकणासकट. पोरं हसली. मी हसलो नाही, कारण ड्रेनेजची लाईन काढताना काय होतं ते मला ठाऊक आहे.

पण खरी मजा आली ती रविवारी साईटवर. काम बंद होतं, चाळलेल्या वाळूचा ढीग पडलेला. इजिप्तमध्ये डेर अल-बर्शा इथे जेहुतीहोतेप नावाच्या अधिकाऱ्याची कबर आहे, पिरॅमिडनंतर सहा-सातशे वर्षांची. तिच्या भिंतीवर एक चित्र होतं: प्रचंड पुतळा लाकडी घसरगाडीवर बांधलेला, १७२ माणसं दोर ओढतायत, आणि गाडीच्या पुढे एक माणूस उभा राहून वाळूवर पाणी ओततोय. बरीच वर्षं लोक समजायचे की हा काहीतरी धार्मिक विधी असावा. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं की वाळूत नेमकं पाणी घातलं तर ओढायला लागणारा जोर जवळपास निम्म्यावर येतो. कोरड्या वाळूत गाडीपुढे ढीग साचतो, ओलसर वाळू घट्ट राहते.

आम्ही सेंट्रिंगची फळी घेतली, तिच्यावर सिमेंटचा ब्लॉक, पुढे दोर, आणि दोराला प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा. कोरड्या वाळूत काटा साडेतेरा किलोवर गेला आणि फळीपुढे वाळूची दाढीच उगवली. मग मुक्ताला झारी दिली. थोडं शिंपडल्यावर पुन्हा ओढलं. नऊ! ओजस नाचायलाच लागला. त्या आनंदात मुक्ताने अख्खी झारी उपडी केली आणि फळी चिखलात रुतून बसली ती बसलीच. वॉचमन काका धावत आले, "साहेब, उद्याच्या प्लास्टरची वाळू आहे ती!" साहेबांनी मान खाली घालून फावडं घेतलं.

घामाघूम होऊन सावलीत बसलो तेव्हा ओजसने विचारलं, "गुलामांना चाबकाने मारायचे ना रे?" हे ज्ञान मात्र व्हिडिओचं नव्हतं, आदल्या रात्री मीच सांगून बसलो होतो. रात्री वाचायला घेतलं आणि चूक कळली. १९९० मध्ये गिझाच्या वाळूत एक घोडा मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला, आणि त्यातून मजुरांच्या कबरी सापडल्या. पिरॅमिडच्या सावलीत पुरलेली माणसं, सोबत मरणानंतरच्या आयुष्यासाठी भांडीकुंडी. काहींची हाडं मोडून नीट बसवलेली, जुळून आलेली. जवळच त्यांची वस्ती सापडली, पाव भाजायच्या मातीच्या मोठ्या साच्यांसकट. ही माणसं विकत घेतलेले गुलाम नव्हेत, गावोगावहून पाळीने बोलावलेली असावीत असं अभ्यासक मानतात. "नाही येत" म्हणायची सोय त्यांना होती असं मात्र मी मुलांना सांगितलं नाही.

आणि मग मेरेर. लाल समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे २०१३ मध्ये पिएर ताले या फ्रेंच संशोधकाच्या चमूला पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या तेव्हाच्या कागदाचे, तुकडे मिळाले. लिहिलेले पपायरस म्हणून आजवर मिळालेले सगळ्यात जुने. त्यात या मेरेरची रोजनिशी होती. मेरेर कोण? मुकादम! हाताखाली चाळीसेक माणसं. नाईलपलीकडच्या तुरा इथल्या खाणीतून पांढरा चुनखडीचा दगड होडीत भरायचा आणि गिझाला आणून उतरवायचा. आज दगड ओढले, मुक्काम तुरा. आज होडी भरली. आज गिझाकडे निघालो. दिवसामागून दिवस असंच. राजाची स्तुती नाही, देवाचा चमत्कार नाही. मी रोज संध्याकाळी जे रजिस्टर भरतो त्याच्याशी इतकं जुळणारं, की वाचताना क्षणभर वाटलं, शेवटी सिमेंटच्या गोण्याही लिहिल्या असतील.

मुलांना राजापेक्षा मेरेर आवडला. त्याहून आवडली टोळ्यांची नावं. दगडांवर मजुरांनी रंगाने आपापल्या टोळीचं नाव लिहून ठेवलंय: "खुफूचे मित्र". गिझाच्याच मेनकौरे राजाच्या पिरॅमिडवर तर "मेनकौरेचे दारुडे"! ओजस म्हणाला, ही तर दहीहंडीच्या पथकासारखी नावं आहेत. लगेच आमचं पथक स्थापन झालं. मुक्ता मुकादम, आम्ही दोघं टोळी. नाव ठरलं "आजीचे मित्र", कारण जेवण तीच देणार होती.

ममीचा प्रयोग थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी शोभा झाली. मृतदेह नेट्रॉन नावाच्या खारात चाळीसेक दिवस सुकवायचे, म्हणून आम्ही काकडी चिरून मीठ आणि खायच्या सोड्यात पुरली. चौथ्या दिवशी आईने डबा उघडला. वास घेतला, तळाला सुटलेलं पाणी बघितलं आणि म्हणाली, "मीठ लावलं की पाणी सुटतंच. हे तर लोणचंच झालं की. पण पाणी काढून टाकायला नको होय रे?" इजिप्तच्या लोकांना जे कळलं होतं ते आमच्या फडताळात बरणीत भरून ठेवलेलं होतं, आणि मी ते मोबाईलवर शोधत होतो.

मुलं परवा गेली. ओजस एलियनचं नाव काढत नाही, पण "मग एवढे वरचे दगड चढवले कसे?" हे विचारणं सोडत नाही. उताराचे भराव घातले असणार, पण त्यांचा नेमका आकार काय यावर अजून वाद चाललेत. त्याला ते फार आवडलं. मोठ्या माणसांनाही सुटत नाही असं काहीतरी आहे म्हणून.

आवरताना त्याची वही गादीखाली सापडली. एका पानावर मेरेरच्या थाटात लिहिलेलं होतं:

"रविवार. मुकादम मुक्ता. माणसं २. दगड ४ ओढले. पाणी जास्त झालं. वॉचमन काका ओरडले. जेवण पोळी, आमरस. मुक्काम मामाकडे."

दगड आम्ही एकच ओढला होता. नीट बघितलं तर १ खोडून त्याचा ४ केलेला दिसतो. रजिस्टरमध्ये असा हात मारणारे मुकादम मी चांगले ओळखतो.